सोलापुरातून एमएसडब्ल्यू: कोर्स कसा आहे, आणि प्रवेशाआधी काय पाहावं

मी सोलापुरातच एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केली. आता इथल्याच एका ट्रस्टच्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. गेली काही वर्षं वेगवेगळ्या संस्थांचे विद्यार्थी फील्डवर्कसाठी माझ्याकडे येतात. कुणी शहरातल्या कॉलेजचे असतात, कुणी इग्नू या मुक्त विद्यापीठाचे, मधूनच एखादी मुलगी तुळजापूरच्या टाटा इन्स्टिट्यूटची. तिन्ही वाटांनी शिकणारी मुलं मला पुस्तकात नाही, वॉर्डात दिसतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

मत आधीच सांगते. समाजकार्य शिकायला सोलापूर फार चांगलं शहर आहे. वर्गातलं शिकवणं मध्यम आहे. नोकरी मिळवून देण्याची व्यवस्था कच्ची आहे. आणि कुठलाही कोर्स घेतला तरी तुम्ही घडणार की नुसते पास होणार, हे एका गोष्टीवर ठरतं: तुमचा फील्डवर्कचा अहवाल कोण वाचतं आणि किती मन लावून वाचतं.

कोर्स दोन वर्षांचा, चार सत्रांचा. कुठल्याही शाखेचा पदवीधर येऊ शकतो, मी बी.कॉम. करून आले होते, माझ्या बाकावर बी.एस्सी. झालेली मुलगी होती. बारावीनंतर बीएसडब्ल्यूही करता येतं, पण नोकरीच्या बऱ्याच जाहिराती एमएसडब्ल्यूच मागतात, हे लक्षात ठेवून वर्षांचा हिशोब करा. केसवर्क (एकेका माणसाबरोबरचं काम), ग्रुपवर्क, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती या सहा पद्धती सगळीकडे शिकवतात. पुढे कुणी वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य घेतं, कुणी कुटुंब आणि बालकल्याण, कुणी शहरी-ग्रामीण समुदाय विकास, कुणी मनुष्यबळ व्यवस्थापन. यातले सगळे पर्याय प्रत्येक कॉलेजात नसतात. माहितीपत्रकात छापलेला विषय यंदा खरंच शिकवणार आहेत का, हे तोंडी विचारून घ्या. पुरेशी मुलं नाहीत म्हणून एखादा गट ऐन वेळी बंद करतात, हे मी पाहिलंय.

आता फील्डवर्क. कोर्सचा गाभा तोच. आठवड्याचे दोन दिवस एखाद्या संस्थेत, वस्तीत किंवा रुग्णालयात जायचं, त्याचा अहवाल लिहायचा, मग मार्गदर्शकासमोर एकट्याने बसून त्यावर बोलायचं. त्या बैठकीला सगळे आयसी म्हणतात. सगळ्या गटाची मिळून होते ती जीसी. शिवाय वर्षातून एक ग्रामीण शिबिर, एक अभ्यास सहल आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे सलग काही आठवडे पूर्ण वेळ एकाच ठिकाणी काम.

माझी पहिली नेमणूक कुंभारीच्या विडी घरकुलात होती. कॉम्रेड गोदुताई परुळेकरांच्या नावाची ही दहा हजार घरांची वसाहत विडी कामगार बायकांच्या लढ्यातून उभी राहिली आणि २००६ मध्ये घरं ताब्यात मिळाली. माझी आई आयुष्यभर विड्या वळत आली, त्यामुळे सूप, कात्री, तंबाखूचा वास, हजार विड्यांचा रोजचा हिशोब आणि कारखान्यात छाट म्हणून बाजूला काढल्या जाणाऱ्या विड्या हे काही मला नवीन नव्हतं. घरी आम्ही तेलुगू बोलतो. वस्तीत अक्का म्हणून हाक मारली की दार उघडतं, एवढं भांडवल घेऊन मी गेले होते आणि ते पुरेल असं वाटत होतं.

पहिला अहवाल मी चांगला चार पानी लिहिला. मार्गदर्शक मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि समासात एकच प्रश्न लिहिला: 'तुम्ही काय सांगितलं ते सगळं आहे. त्या काय म्हणाल्या ते कुठे आहे?' पुढच्या आठवड्यात मी त्यांचं बोलणं लिहून आणलं. मग दुसरा प्रश्न आला: 'त्या हे सांगत असताना त्यांची सासू कुठे बसली होती?' मग तिसरा: 'नवऱ्याचा विषय निघाल्यावर त्यांनी विडी वळायचं थांबवलं का?' विडी वळणारी बाई बोलताना हात थांबवत नाही, कारण हात थांबला की मजुरी थांबते. ज्या वाक्याला तिचा हात थांबतो ते वाक्य महत्त्वाचं. हे आईजवळ बसून इतकी वर्षं मी पाहत होते, पण केसवर्कमध्ये त्याचा उपयोग होतो हे मला त्या प्रश्नांनी दाखवलं. दोन वर्षांत मला जे काही आलं त्यातलं बहुतेक त्या समासातल्या शेऱ्यांतून आलं.

दुसऱ्या वर्षी मार्गदर्शक बदलले. हे सर स्वभावाने भले होते, पण त्यांच्याकडे मुलं फार होती आणि ते तासिका तत्त्वावर असल्याने दुसऱ्या कॉलेजातही धावपळ करत. आयसी म्हणजे व्हरांड्यात उभ्या उभ्या सही. 'पाहिले' असं लिहून तारीख. एका संपूर्ण सत्रात माझ्या अहवालात लाल शाईचा एक प्रश्न नाही. कॉलेज तेच, अभ्यासक्रम तोच, फी तीच. त्या सत्रात मी फक्त हजेरी भरली असं मला आजही वाटतं, आणि त्याबद्दल मनात राग आहे. शिकवणाऱ्यांना कायम नेमणूक न देता तासांवर राबवायचं आणि फील्डवर्कची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकायची, यात पहिलं नुकसान विद्यार्थ्याचं होतं आणि दुसरं त्या वस्तीचं, जिथे तो अर्धवट शिकून जाऊन बसतो.

वर्गातल्या शिकवण्याला मध्यम म्हणाले, त्याचं कारण नोट्स. मानसशास्त्राचा आणि संशोधन पद्धतीचा भाग बऱ्यापैकी उतरवून देण्यावर चालला. कायदे मात्र आमच्याकडे उत्तम शिकवले. बाल न्याय अधिनियम २०१५ शिकवताना बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक स्त्री हवी, बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, हे नुसतं पाठ करून घेतलं नाही. वर्गातच मंडळ मांडलं आणि एकेका मुलाची काल्पनिक केस आमच्याकडून चालवून घेतली. ग्रामीण शिबिरातही असंच झालं. बालविवाह होणार अशी कुणकुण लागली तर गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो, हे आम्ही पुस्तकातून वाचून गेलो होतो. तिथे अंगणवाडीच्या ताईंनी शिकवलं की फोन करण्याआधी मुलीच्या जन्मतारखेचा दाखला शाळेतून हातात असला पाहिजे, नाहीतर पथक येतं, वय वाढवून सांगितलं जातं आणि लग्न दुसऱ्या गावी लागतं.

सोलापुरात शिकण्याचा फायदा कशात आहे ते सविस्तर सांगते, कारण इथली मुलं पुण्याच्या ओढीने हे विसरतात. एका शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, दखनी सगळं कानावर पडतं. पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी. सेटलमेंट नावाच्या वस्तीत अशी कुटुंबं, ज्यांच्या आज्या-पणज्यांना इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण 'फ्री कॉलनी' हे नाव अजून पत्त्यात लिहितात. कुंभारीलाच रे नगर ही असंघटित कामगारांची तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. समुदाय संघटन शिकणाऱ्याला यापेक्षा मोठी शाळा कुठली मिळणार? शेजारी नवीन, रेशनचं दुकान नवीन, मुलांची शाळा नवीन, कामाचं ठिकाण मात्र शहरात राहिलेलं. जुन्या वस्तीत वीस वर्षांत जमलेली भिशी, उसनवारी, आजारपणात एकमेकींची पोरं सांभाळणं, हे सगळं पहिल्यापासून कसं जमतं ते डोळ्यांसमोर पाहता येतं.

आणि मग सिव्हिल. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तिथे सोलापूर जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतले रुग्ण येतातच, शिवाय धाराशिव आणि पलीकडून इंडी, अफझलपूर, आळंद भागातलेही येतात. सीमेपलीकडच्या माणसाकडे महाराष्ट्राचं रेशनकार्ड नसतं, मग महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं दार त्याला सहसा बंद. पण त्याच्याकडे आयुष्मान भारत कार्ड असेल तर ते राज्याबाहेरही चालतं. हे त्याला कन्नडमधून सांगणारं कुणीतरी तिथे असावं लागतं. 'यान माडली अक्का', म्हणजे 'काय करू अक्का', म्हणत बाई रडत असते आणि समोरची विद्यार्थिनी तिला मराठीत अर्जाचा नमुना देत असते, हे दृश्य मी पाहिलंय. तुम्हाला घरची दुसरी भाषा येत असेल तर मुलाखतीच्या वेळी ती ठळकपणे सांगा.

माझ्या स्वतःच्या कामाबद्दल थोडं, कारण वैद्यकीय समाजकार्य घेऊ पाहणाऱ्यांना याची कल्पना नसते. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायच्या, एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची, असा नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही योजना लागू केली. ती खाट खऱ्या गरजूला मिळते की नाही, हे समाजसेविका किती खमकी आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातलं जुळत नसलेलं नाव, बिलिंगच्या खिडकीवरची कुजबुज, डॉक्टरांना डिस्चार्जची घाई आणि नातेवाइकांचा संशय, या सगळ्याच्या मधोमध उभं राहून बोलता आलं पाहिजे. केसवर्कच्या पेपरात ८० मार्क मिळवलेली मुलं इथे गप्प होतात. आयसीत ज्यांना रोज प्रश्न विचारले गेले, ती मुलं बोलतात.

गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण देते. क्षयाच्या रुग्णांना निक्षय पोषण योजनेतून महिन्याच्या हिशोबाने पैसे मिळतात. एप्रिल २०१८ ला ५०० रुपयांनी सुरू झालं, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. एका आजींचे पैसे येत नव्हते. बँकेचं खातं होतं, आधार होतं, सगळं होतं. विद्यार्थिनीने दोनदा बँकेत फेऱ्या मारल्या. मी तिला विचारलं, 'पासबुक कुणाकडे असतं?' ते मुलाकडे होतं आणि पैसे येत होते. मग पुढचं सगळं काम पैशांचं राहिलंच नाही, ते आजी आणि मुलगा यांच्यातलं झालं. तिने ते तीन भेटींत, कुणालाही चोर न ठरवता मार्गी लावलं. तिचा तो अहवाल मी पुढच्या बॅचला नावं बदलून वाचायला देते.

इग्नूबद्दल मला सारखं विचारतात. नोकरी करत शिकायचं असेल तर ही वाट मनापासून सुचवते. ग्रामसेवक, अंगणवाडी पर्यवेक्षिका, संस्थेत आधीच काम करणारी माणसं, घर सोडता न येणाऱ्या बायका यांच्यासाठी ती खरी सोय आहे. साहित्य नीट लिहिलेलं आहे आणि ई-ज्ञानकोशवर फुकट वाचता येतं. रेग्युलर कॉलेजच्या मुलांनीही ते वाचावं, आमच्या उतरवलेल्या नोट्सपेक्षा कितीतरी चांगलं. अडचण दोन ठिकाणी येते. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. आणि फील्डवर्क सक्तीचं असलं तरी संस्था बरीचशी तुम्हालाच शोधावी लागते, मार्गदर्शकाला भेटणंही तुमच्या चिकाटीवर राहतं. एक ग्रामसेवक दादा माझ्याकडे रविवारी यायचे. त्यांचं रोजचं कामच माणसांचं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांचे अहवाल जिवंत होते. उलट कामाचा काही अनुभव नसलेला बावीस वर्षांचा मुलगा याच वाटेने गेला तर त्याला टोकणारं कुणी नसतं. त्या वयात रेग्युलरच करा. नोकरीच्या जाहिरातीत पूर्णवेळ पदवी मागितली आहे का, तेही आधी तपासा.

तुळजापूर सोलापूरपासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, एसटीने जाऊन येण्यासारखं. तरी आपल्याकडच्या फार थोड्या मुलांना तिथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे हे माहीत असतं. मूळ संस्था मुंबईची, १९३६ सालची, देशातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय. तुळजापूरचा भर ग्रामीण भागावर आणि दुष्काळी पट्ट्यावर. प्रवेश आता सीयूईटी या देशपातळीवरच्या सामाईक परीक्षेतून होतो, म्हणजे तयारी आदल्या वर्षीच सुरू करायला हवी. तिथली मुलं देशभरातून येतात. लिहिणं, मांडणं, आकडेवारी वाचणं यात ती आपल्या मुलांपेक्षा पुढे असतात, हे मान्य केलं पाहिजे. आपली मुलं वस्तीत पटकन मिसळतात. इंग्रजीची धास्ती वाटते म्हणून अर्जच न करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की अर्ज करा. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या मुलामुलींना दुष्काळ पुस्तकातून शिकावा लागत नाही, हे तिथे वजनाचं ठरतं.

पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन, नगरचं सीएसआरडी, कोल्हापूरचं सायबर ही नावं जुनी आणि भरवशाची आहेत. राहण्याचा खर्च झेपत असेल तर जरूर बघा. मी तिथे शिकले नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

नोकरीचं चित्र स्पष्ट सांगायला हवं. बरीच पदं कंत्राटी, अकरा महिन्यांच्या आदेशावर: एचआयव्ही समुपदेशक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, बाल संरक्षण कक्ष, सखी वन स्टॉप सेंटर. दर वर्षी नूतनीकरणाची धाकधूक. शासकीय रुग्णालयांतलं समाजसेवा अधीक्षक हे पद कायम असतं, पण जागा कधी निघतील ते सांगता येत नाही. मनुष्यबळ हा विषय घेणाऱ्यांनी एक हिशोब करावा. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४९ प्रमाणे कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक होतं ते ५०० किंवा जास्त कामगार असतील तेव्हा. आपल्याकडचे यंत्रमाग बहुतेक लहान. म्हणून तो विषय घेतला की पुण्याकडच्या चाकण-रांजणगावच्या कारखान्यांची गाडी पकडावी लागते, हे घरी आधीच सांगून ठेवा. मनोविकार समाजकार्याची ओढ असेल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ची व्याख्या वाचा: एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., प्रत्यक्ष रुग्णालयातल्या प्रशिक्षणासह. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या संस्थांत त्यासाठी आजवर मोठी चुरस राहिली आहे. आपल्याकडे वकिलांना बार कौन्सिल आहे तशी समाजकार्यकर्त्यांची सर्वसाधारण वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पगाराला तळ नाही आणि कुणीही पाटी लावू शकतं. वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात जागा मिळाली आहे. त्याची अंमलबजावणी नेटाने व्हावी यासाठी आपणच आवाज उठवायला हवा.

खर्चाचं एक. फी कॉलेजप्रमाणे बदलते, अनुदानित आणि विनाअनुदानित यात बराच फरक पडतो. आमच्या पद्मशाली समाजातल्या मुलांनी एसबीसीचा (विशेष मागास प्रवर्गाचा) दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर वेळेत काढून महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा. दाखला नंतर देते असं म्हणून अर्धी मुलं अडकतात. फीशिवाय फील्डवर्कचं येणं-जाणं, शिबिर, सहल आणि प्रबंधाची छपाई हा खर्च वेगळा धरा. कुंभारी, अक्कलकोट रोड, जुळे सोलापूर अशी नेमणूक मिळाली तर रिक्षाने परवडत नाही.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जा आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याची फील्डवर्कची वही पाहायला मागा, लोकांची नावं झाकून. आत नुसत्या सह्या आणि 'पाहिले' दिसलं तर दुसरं कॉलेज बघा. समासात प्रश्न लिहिलेले असतील तर ते ज्यांनी लिहिले त्यांचं नाव विचारून घ्या आणि पहिल्या वर्षी त्याच मार्गदर्शकांकडे नेमणूक मिळावी असा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच द्या. असा अर्ज देता येतो, आमच्या वेळी एकीने दिला होता आणि तो मंजूरही झाला होता.